सैल हाताची चिलीम

३ फेब्रुवारी, सोमवार

हुक्क्याच्या तीन चिलमी भरल्या. तिन्ही परत आल्या! पहिली ओढलीच जाईना. दुसरीतून धूर आला, पण करपलेल्या दुधाचा वास घेऊन. तिसरीचं काय बिघडलं ते गिऱ्हाइकाने सांगितलंच नाही. चिलीम माझ्यापुढे ठेवली आणि दवाखान्यात पेशंटकडे बघतात तसं बघितलं.

बायको गल्ल्यावरून म्हणाली, "पहिला दिवस आहे. होतं असं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "कुणाला तरी सांगा, शेगडीजवळची खिडकी लावा म्हणावं."

हा 'कुणीतरी' म्हणजे मी. लग्न झालं तेव्हापासून मी या घरात कुणीतरी आहे. कुणीतरी पंखा बंद करा, कुणीतरी दारातले बूट उचला. चौदा वर्षं त्यांनी माझ्याशी थेट एक शब्द काढलेला नाही. त्यांना दुकान सांभाळणारा जावई हवा होता आणि मुलीने आणला छापखान्यात प्रुफं तपासणारा. आता छापखान्याला टाळं लागलं. दुकानातला चिलीम भरणारा माणूसही गेल्या महिन्यात भावाकडे दुसऱ्या गावी निघून गेला. मी म्हटलं, दुसरा माणूस शोधू. बायको म्हणाली, "कशाला? तू आहेस की."

मी आहे की! तीन चिलमी परत.

५ फेब्रुवारी

बायकोने आज दुकान उघडायच्या आधी शिकवणी घेतली. टेबलावर हुक्का ठेवला आणि लहान पोराला अवयव दाखवावेत तसा दाखवला. तळाला पाण्याचं भांडं. त्यात उतरणारी दांडी. बाजूला नळी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर मातीची चिलीम, बुडाला भोकं असलेली. चिलमीत तंबाखू, तोंडावर ताणून बसवलेली फॉइल, फॉइलला टोचे, वर कोळसे. नळी ओढली की कोळशांवरची गरम हवा टोच्यांतून खाली येते, तंबाखूतून वाट काढते, बुडातल्या भोकांतून दांडीत, दांडीतून पाण्यात. आणि मग आपल्या तोंडात.

"म्हणजे तंबाखू जाळायचा नाही?" मी विचारलं.

"जाळायचा नाही. शेकायचा. हवेला रस्ता दिलास तर शेकला जातो, अडवलीस तर करपतो."

इतकी वर्षं या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतोय आणि हे मला माहीत नव्हतं! मी आपला सकाळी डबा घेऊन मागच्या जिन्याने छापखान्यात जायचो.

मग तिने माझी कालची चिलीम ओढून बघितली. "ही ओढायला पंप लागेल." आणि आतून उशी आणून माझ्या तोंडावर दाबली. खरंच! "घे श्वास." मी गुदमरलो. तिने उशी काढली, गळ्यातली ओढणी तोंडावर सोडली. "आता घे."

घेतला. कळलं.

६ फेब्रुवारी

आज दोनच परत आल्या. प्रगती!

८ फेब्रुवारी, शनिवार

ट्रम्पेटवाला आला होता. बँडमध्ये वाजवतो, मान बैलाची, हसू लहान मुलाचं. नेहमीचं गिऱ्हाईक. त्याने माझी चिलीम ओढली. एकच झुरका! कोळसे लालभडक झाले आणि आतला तंबाखू चर्र वाजून खलास. तो खोकला, डोळे पुसले, म्हणाला, "भाऊ, यात काय भरलंय, चपलेचं कातडं?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

पण पुढचं ऐकून माझं हसू तिथेच थिजलं. त्यांच्या बँडमधले ढोलवाले काका निवृत्त होताहेत. त्यांना निरोप द्यायला सगळा बँड कुठेतरी बसणार आहे. दोन मार्चला, रविवारी दुपारी. चौदा हुक्के! त्यातले बहुतेक सगळे फुंकणारे — ट्रम्पेट, सनई, क्लॅरिनेट आणि तो सगळ्यात मोठा, अंगाला गुंडाळलेला भोंगा. फुप्फुसं हाच ज्यांचा धंदा!

"इथेच करायचं मनात आहे," तो म्हणाला, "पण..." आणि माझ्याकडे बघितलं. चौकात नवीन जागा निघाली आहे, निळे दिवे, मऊ कोच. तिथे जातील म्हणे, नाही जमलं तर.

"जमेल," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता! आमचा भरणारा गेल्यापासून टेबलं रिकामी राहताहेत, हे मलाही दिसतं. हा बँड गेला तर त्यांच्यामागून उरलेलेही जातील.

सासरे खुर्चीतून फक्त "हं" म्हणाले. कुणासाठी तेही कळलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. घाई करत नाही.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी सराव करत होतो. तंबाखू पाकात भिजलेला, चिकट. चिमूट घेतली, चिलमीत टाकली, अंगठ्याने बसवली. दुसरी चिमूट. अंगठा. बायको हिशेब करत होती. सासरे डोळे मिटून बसले होते. म्हणजे मला तसं वाटलं. तिसरी चिमूट. अंगठा —

"अरे, अरे, अरे! दाबतोस काय! मेला ना तो!"

मी थबकलो. बायकोची पेन्सिल थांबली. सासरे खुर्चीत अर्धे उठलेले. त्यांना स्वतःलाच धक्का बसला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. आता हे परत आत कसं घ्यायचं, असं काहीतरी. पण तोंडातून गेलेलं थोडंच आत घेता येतं!

मग ते म्हणाले, "आता बघत काय राहिलास? ओत ते बाहेर."

ओतलं.

"देठ काढ. ते काडीसारखं दिसतंय ते. ते जळतं. हां. आता बोटांनी मोकळं कर. अरे केस विंचरतोस तसं नको, केस मोकळे सोडतात तसं. आता वरून सोड. उंचावरून. मीठ भुरभुरतात तसं. हात सैल! सैल म्हणतोय ना!"

त्यांची बोटं सांध्यांनी अशी वळली आहेत की चिमटाही धरता येत नाही. म्हणून हात पुढे यायचा, मध्येच थांबायचा, आणि जे हातांना करायचं होतं ते सगळं तोंडातून यायचं. ओरडून ओरडून. "काठापर्यंत नको! काठाखाली नखाएवढी जागा ठेव. फॉइल तंबाखूला टेकली की तिथे काळं झालंच समज. बुडातली भोकं दिसताहेत का? बघ. बोट घालून नको बघू रे, फुंकून बघ!"

फुंकलं. हवा खालून निघाली, माझ्याच मनगटावर लागली. गार.

"हां," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसले. आणि डोळे मिटून घेतले.

चौदा वर्षांत 'अहो' नाही, 'जावईबापू' नाही, साधं 'ऐका' नाही. आणि आज एकदम 'अरे'! मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून! मी संध्याकाळभर उगाच टेबलं पुसत होतो. जेवण झाल्यावर बायकोला म्हटलं, "ऐकलंस ना तू?" ती भांडी घासत होती. म्हणाली, "ऐकलं." नळ मात्र बराच वेळ उगाच चालू ठेवला होता तिने.

१२ फेब्रुवारी

अरे चिमटा इकडे. अरे पाणी कमी आहे. अरे तुला दिसत नाही का. अरे शर्ट बदल तो, कोळशाला लागेल.

चौदा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर येतंय! थांबवू नये कुणी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फॉइलवरून भांडण झालं. कडाक्याचं. मजा आली.

फॉइल ताणून बसवायची, टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजली पाहिजे, इथवर एकमत. सैल राहिली तर कोळशाच्या वजनाने खाली झुकते आणि तंबाखूला चिकटते. टोचे बारीक सुईने, दाभणाने नाही, हेही मान्य. (काल दाभण वापरला होता. राख खाली पडली. गिऱ्हाईक थुंकलं.)

पण टोचे कुठे? ते म्हणतात काठाजवळून टोच्यांचं कडं काढायचं, त्याच्या आत दुसरं कडं, आणि मधला भाग कोरा. मी म्हणालो, मध्ये टोचे नसतील तर मधला तंबाखू कच्चा राहील. ते म्हणाले, "मध्ये भोक म्हणजे हवेला चोरवाट. गेली सरळ खाली, कडेचा तंबाखू बसला तोंड बघत." मी म्हणालो, चार-पाच तरी. ते म्हणाले, एकही नाही. मी म्हणालो, बघूया की. ते म्हणाले, बघच!

दोन चिलमी भरल्या. एक त्यांच्या पद्धतीची, एक माझ्या. भरणारे हात माझेच. त्यामुळे त्यांना शंका की मी त्यांची मुद्दाम वाईट भरतोय! दोन वेळा पुन्हा भरायला लावली. डॉक्टरांनी त्यांना धूर बंद केला आहे, म्हणून निवाडा बायकोकडे. तिने डोळे मिटले. दोन्ही ओढल्या. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"दोन्ही सारख्याच."

"असं कसं?" — दोघंही, एकदम!

"सारख्याच आहेत. आता शेगडी रिकामी करता का? चहा टाकायचाय."

सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला काही कळत नाही." मीही मान हलवली. मग लक्षात आलं, आम्ही एका बाजूला उभे होतो.

१८ फेब्रुवारी

आज एक चिलीम अर्धी करपलेली, अर्धी कच्ची परत आली. कोरड्या चेहऱ्याच्या दंतवैद्याची. ते काही बोलत नाहीत, नुसती चिलीम उघडून दाखवतात, दाढ दाखवावी तशी.

बाबा म्हणाले (हो, बाबाच लिहिलं गेलं. राहू दे.), "कोळसा काळा असताना ठेवलास." नव्हता ठेवला. शेगडीवर सगळ्या बाजूंनी फुलवला होता, वर पांढरी साय येईपर्यंत. मग म्हणाले, "काठावर ठेवले नसशील, मध्ये ठोकले असशील." तसंही नव्हतं. तीन कोळसे, तिन्ही काठावर, थोड्या वेळाने फिरवलेले. ते चिडले. मीही चिडलो. पुन्हा भरली, पुन्हा डावी बाजू काळी.

मग मी जरा लांब जाऊन उभा राहिलो आणि हुक्क्याकडे नुसतं बघितलं. वीस वर्षं ओळी बघितल्या आहेत या डोळ्यांनी. केसाएवढी ओळ कलली तरी टोचते.

"वाकडी आहे," मी म्हटलं.

"काय वाकडी?"

"चिलीम. दांडीवर तिरकी बसलीये. कोळसे हळूहळू डावीकडे सरकतात."

बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले. एक डोळा मिटला. दांडीच्या तोंडावरचं रबरी कडं एका बाजूने झिजलं होतं. तिथून हवाही गळत होती! नवं कडं बसवलं. चिलीम सरळ. शेक सारखा. दंतवैद्यांनी शेवटपर्यंत ओढली. जाताना "ठीक" म्हणाले. त्यांच्याकडून 'ठीक' म्हणजे टाळ्याच!

बाबा मला काहीच म्हणाले नाहीत. बायकोला मात्र गल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचे डोळे बरे आहेत."

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबांबरोबर कोळसा आणायला गेलो. पहिल्यांदाच आम्ही दोघंच! रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर धरलं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं विसरले.

वखारीत त्यांनी करवंटीच्या कोळशाचे दोन तुकडे माझ्याकडून एकमेकांवर आपटवले. "ऐक. काचेसारखा वाजला तर कोरडा. ठप्प वाजला तर ओला. ओला तडतडतो, ठिणग्या उडतात." मी आपटत राहिलो, ते ऐकत राहिले. अख्खं पोतं! वखारवाला वैतागून गेला.

"हे कोण?" त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं.

"आमचा चिलीम भरणारा," बाबा म्हणाले. मग पोतं हातगाडीवर चढलं, आम्ही निघालो, दाराशी पोचलो. तिथून मागे वळून त्यांनी आवाज दिला, "जावईही आहे!"

२५ फेब्रुवारी

कोळसा ठेवायच्या आधी बाबा प्रत्येक चिलीम रिकामी ओढून बघतात. धूर नाही, नुसती हवा. डॉक्टरांच्या हुकमात बसतं ते! आजवर प्रत्येक वेळी मान हलायची. घट्ट. अजून घट्ट. आता फारच पोकळ, कोळशाची आच सरळ खाली येईल. पुन्हा भर.

आज ओढली. थांबले. पुन्हा ओढली.

"जाते," ते म्हणाले. "श्वास जातो तशी जाते."

मला चक्क शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवलीही. वाईट वाजली.

१ मार्च

उद्या. झोप येणार नाही. बायको मात्र आतल्या खोलीत गुणगुणतेय. हिला कसली एवढी मजा?

२ मार्च, रविवार

कुठून सुरू करू!

चौदा हुक्के सकाळपासून मांडले. भांड्यांत पाणी, दांडीचं टोक बुडेल इतपतच. चौदा चिलमी भरल्या, बाबांनी चौदाही रिकाम्या ओढल्या, तीन पुन्हा भरायला लावल्या. फॉइलवर टोचे निम्म्यांना त्यांच्या पद्धतीचे, निम्म्यांना माझ्या. तह झाला होता तसा.

दुपारी बँड आला. दारातून आत येतानाच आवाज! तो भोंगेवाला तर दारात आडवाच अडकला, भोंग्यासकट. ढोलवाले काका सगळ्यात मागे, बारीकसे, टोपी हातात घेतलेले. इतका लहान माणूस आयुष्यभर एवढा मोठा ढोल कसा पेलत होता कोण जाणे.

मी पोतं उपडं करून शेगडी पेटवली आणि तोंडचं पाणी पळालं. ठप्प! नुसता तडतडाट. ठिणग्या! पोत्याच्या तळाचे कोळसे ओलावले होते. आम्ही ते पोतं काल मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आम्हीच, दोघांनी!

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. आवाज एकदम शांत. इतके दिवस ओरडणारा माणूस! "वरचे कोरडे असतील. वाजवून काढ. तू वाजव, मी ऐकतो."

मी दोन-दोन कोळसे वाजवत गेलो. ते डोळे मिटून सांगत गेले. हा घे. हा नको. घे. घे. नको. बाहेर ट्रम्पेटवाला वेळ काढायला काहीतरी वाजवू लागला, क्लॅरिनेटने साथ धरली, आणि त्या गदारोळात बाबा कानाजवळ हाताचा पंजा धरून कोळसे ऐकत होते! त्यात एकही चुकला नाही. प्रत्येक कोळसा साय धरून फुलला.

मग एकेक चिलीम बाहेर. बायको ट्रे घेऊन टेबलांमधून अशी फिरत होती, जणू पायाला चाकं लावलीत. "ट्रम्पेट तयार!" "क्लॅरिनेट!" बाबा दारात खुर्ची टाकून सूचना देत होते. "भोंगेवाल्याला दोनच कोळसे ठेव, आणि अगदी काठावर. ती फुप्फुसं नाहीत, लोहाराचा भाता आहे!" बरोबर. दोन कोळशांवर त्याने एवढा ढग सोडला की त्याचं त्यालाच समोरचं दिसेना.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. कोण उठतंय, कोण चिलीम उचलून आणतंय. कुणी उठलं नाही. कुणी उचलून आणली नाही. ढोलवाले काका हळूहळू, चहा प्यावा तसे ओढत होते. मध्येच त्यांनी नळी खाली ठेवली आणि टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सनई थांबली. मग सगळे थांबले. नुसती ती दोन बोटं. आणि मग सगळा बँड एकदम, त्या दोन बोटांच्या मागे! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघू लागली. काका रडत होते आणि ठेका चुकत नव्हता.

जाताना ट्रम्पेटवाल्याने माझा हात दाबला. "भाऊ, माझ्या ट्रम्पेटपेक्षा तुमची चिलीम सोपी वाजते."

जीव भांड्यात पडला. हुक्क्याच्या!

बाबा खुर्चीतच होते. मी खाली बसलो, त्यांच्या पायाशी, जमिनीवर. त्यांनी आपला तो वळलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. सैल.

३ मार्च

अंग मोडून आलंय. बोटांना अजून वास. छान वास.

दुपारी तीन टेबलं नव्या गिऱ्हाइकांनी भरली, बँडने पाठवलेल्या.

५ मार्च, बुधवार

सकाळी चहाच्या वेळी बायको म्हणाली, "सोमवारपासून मी दुकानात नसणार. बस चालवायला शिकायला चाललेय. निवड झाली."

बाबांचा कप ओठापाशी थांबला. मी म्हटलं, "बस? अर्ज कधी केलास?"

"बाबांनी तुला पहिल्यांदा 'अरे' म्हटलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती म्हणाली, "सतरा वर्षांची होते, गल्ल्यावर बसले तेव्हा. तुम्ही दोघं बोलत नव्हतात तोवर मला मधून उठता येत नव्हतं." रागाने नाही. हसत. इतकं हसताना मी तिला लग्नातही बघितलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. मग बाबांनी विचारलं, "केवढी असते गं ती बस?"

तिने दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत.